गाजर गवत: परागाची ॲलर्जी वेगळी, पानादांड्याची वेगळी

माळवकन्या, राजेंद्र नगर, इंदूर
१७ ऑगस्ट

नमस्कार. माझ्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, आजारात आमची दोन वर्षे एका गैरसमजापायी वाया गेली. तशी आणखी कुणाची जाऊ नयेत, म्हणून हा धागा काढते आहे. विषय गाजर गवताचा आहे. महाराष्ट्रात त्याला काँग्रेस गवत म्हणतात, इथे इंदुरात सगळे गाजर घास म्हणतात आणि शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस असे आहे.

अण्णा ७१ वर्षांचे आहेत. निवृत्त झाल्यापासून रोज पहाटे रेल्वेमार्गाच्या बाजूने चालायला जाण्याचा त्यांचा नेम होता. त्या वाटेवर दोन मोठे रिकामे प्लॉट आहेत आणि श्रावण लागला की तिथे छातीएवढे गाजर गवत माजते. तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात त्यांच्या पापण्या सुजू लागल्या, नंतर मानेच्या घड्या, कानामागची जागा आणि कोपराची आतली बाजू लाल होऊन खाजू लागली. दिवाळीनंतर थंडीत सगळे आपोआप ओसरले, म्हणून आम्ही विसरलो. पुढच्या पावसाळ्यात ते दुपटीने परतले आणि त्यानंतर मात्र थंडीतही पूर्ण गेले नाही. मानेची कातडी जाड, काळपट आणि जुन्या पखालीसारखी खरखरीत झाली. रात्री ते झोपेत इतके खाजवत, की सकाळी उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे ठिपके दिसत.

मला गवताचाच संशय होता आणि मी तो पहिल्या भेटीत बोलूनही दाखवला होता. त्या दवाखान्यात रक्ताची ॲलर्जी तपासणी झाली, अहवाल निर्दोष आला आणि आम्हाला सांगण्यात आले की गवताचा काही संबंध नाही, हा उन्हाचा आणि धुळीचा त्रास आहे. मग वर्षभर बुरशीचे औषध आणि सोबत एक मिश्र मलम चालले. मलम लावले की चार दिवस बरे वाटे, थांबवले की आग दुप्पट होई. अहवालाचा कागद हातात असल्यामुळे अण्णांनी फिरण्याची वाटही बदलली नाही. याचे मला आजही फार वाईट वाटते.

या वर्षी दुसऱ्या त्वचाविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी पाठीवर पट्टी लावण्याची चाचणी केली. सोमवारी अण्णांच्या पाठीवर दहा-बारा लहान, चपट्या वाट्या असलेल्या पट्ट्या चिकटवल्या, बाजूला पेनाने खुणा केल्या आणि पाठ ओली करायची नाही असे बजावले. बुधवारी पट्ट्या काढल्या तेव्हा एकाच खुणेखाली पुसटसा लाल गोल होता. शुक्रवारी पुन्हा पाहिले, तेव्हा त्याच जागी कातडी फुगून वर आली होती आणि तिच्यावर खसखशीच्या दाण्यांएवढे पाण्याचे फोड उठले होते. ती खूण पार्थेनियमची होती आणि बाकीची पाठ स्वच्छ होती.

म्हणजे एका चाचणीने ज्या झाडाला सोडून दिले, त्यालाच दुसरीने पकडले. असे कसे होते, ते मी नंतर बरेच वाचले, आणि मला जे उमगले ते असे की एकच झाड दोन अगदी वेगळ्या वाटांनी त्रास देते. परागकणांतील प्रथिने नाकाला आणि श्वासाला लागतात, तर पाने आणि दांडे यांच्या लवेतील तेलकट द्रव्ये कातडीला लागतात. रक्ताची तपासणी पहिल्या वाटेचा शोध घेते आणि दुसऱ्या वाटेबद्दल ती काहीच सांगू शकत नाही. जाणकारांनी यात भर घालावी आणि माझे काही चुकत असेल तर दुरुस्त करावे.

पानफूल, इंदूर
१७ ऑगस्ट

माळवकन्याताई, आपण फार महत्त्वाचा भेद मांडला आहे. मी वनस्पतिशास्त्र शिकवत असे, त्यामुळे झाडाच्या बाजूने थोडे लिहितो.

गाजर गवत हे गवत नव्हेच. ते सूर्यफुलाच्या कुळातले आहे आणि अमेरिकेत कुप्रसिद्ध असलेले रॅगवीड, म्हणजे अँब्रोसिया, हे त्याचे जवळचे भाऊबंद आहे. दोघांचे मूळ अमेरिका खंडातलेच. आपल्याकडे पुण्यातील नोंद १९५६ साली प्रसिद्ध झाली आणि तिथून पुढे ते देशभर पसरले. अमेरिकेच्या मदतीच्या गव्हातून ते आले असे सर्रास सांगितले जाते; परंतु पीएल ४८० या नावाने ओळखला जाणारा करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला, तेव्हा सगळा दोष त्या एका कराराच्या माथी मारताना हे साल लक्षात ठेवावे.

एक फूल तोडून साध्या भिंगाखाली पाहावे, मात्र हातमोजे घालून. ज्याला आपण फूल म्हणतो तो जेमतेम चार-पाच मिलिमीटरचा पांढरा गेंद असतो आणि त्यात कितीतरी फुले दाटीने बसलेली असतात. कडेला पाच फुले असतात, म्हणून गेंदाला पाच कोपरे दिसतात, आणि बी धरते ती हीच पाच. मधली सारी फुले केवळ पराग निर्माण करतात. असे शेकडो-हजारो गेंद एका झाडावर येतात, म्हणून एकाच झाडापासून १५,००० ते २५,००० बिया पडू शकतात आणि परागकणांची संख्या कोट्यवधींत जाते. आता तेच भिंग दांड्यावर न्यावे. उभ्या शिरा असलेल्या हिरव्या दांड्यावर आणि गाजरासारख्या कातरलेल्या पानावर बारीक लव दिसते. तिच्यातल्या काही केसांच्या टोकांशी सूक्ष्म ग्रंथी असतात आणि पार्थेनिन नावाचे द्रव्य त्यांत साठलेले असते. झाड वाळले की ही लव आणि पानांचा चुरा वाऱ्यावर उडतो. पार्थेनिन वाळलेल्या झाडातही टिकून राहते, त्यामुळे हिरवे झाड गेले म्हणजे धोका गेला असे नाही.

दूरदेशी, ओहायो
१८ ऑगस्ट

मी मूळची इंदूरच्या रामबागेतली, गेली वीस वर्षे अमेरिकेत आहे. इथे ऑगस्टच्या मध्यापासून पहिले दव गोठेपर्यंत रॅगवीडचा हंगाम चालतो आणि त्या दोन महिन्यांत मी नाक, डोळे आणि टाळूच्या खाजेने हैराण असते. रॅगवीडची फुले हिरवट आणि इतकी अनाकर्षक असतात, की लोकांचे त्यांच्याकडे लक्षच जात नाही. त्याच दिवसांत गोल्डनरॉड पिवळाधमक फुलतो आणि सगळा आळ त्याच्यावर येतो. वास्तविक त्याचे पराग जड आणि चिकट असून ते कीटकांच्या अंगावरून जातात, तर रॅगवीडचे पराग वाऱ्यासाठीच घडलेले असतात. तो कण सुमारे २० मायक्रॉनचा, अंगावर बारीक काटे असलेला, आणि शेकडो किलोमीटर वाहत जाऊ शकणारा असतो. एक झाड एका हंगामात १०० कोटींपर्यंत पराग सोडते.

माझ्या बाबतीत गंमत उलटी आहे. माझी रक्ततपासणी आणि हातावर सुईने टोचून केलेली चाचणी दोन्ही ठळकपणे सकारात्मक आल्या. पण अंगणातले रॅगवीड मी उघड्या हातांनी उपटले तरी माझ्या कातडीला काहीही होत नाही. शेजारच्या माळीबुवांना मात्र शिंक येत नाही, पण त्यांचे दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत फुटलेले असतात. माळवकन्या यांचा धागा वाचेपर्यंत मला वाटत होते की त्यांना रॅगवीड नव्हे, दुसरेच काहीतरी लागत असावे.

त्वचावैद्य, इंदूर
१८ ऑगस्ट

माळवकन्याताईंनी मांडलेला मुद्दा बरोबर आहे. मी इंदुरातच त्वचाविकारांचे काम करते आणि पावसाळ्यात असे रुग्ण मला नेमाने दिसतात, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

रॅगवीडच्या परागातील मुख्य प्रथिनाला अँब ए १ म्हणतात आणि त्याचे रेणुवजन सुमारे ३८,००० आहे. पराग नाकाच्या ओल्या अस्तरावर बसला की हे प्रथिन पाण्यात विरघळून काही मिनिटांत बाहेर येते. ज्यांच्या शरीरात त्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार झालेली असतात, त्यांच्या पेशी लगेच हिस्टामीन सोडतात आणि शिंका, पाणी, खाज सुरू होते. रक्ताची तपासणी आणि सुई टोचून केलेली चाचणी ही याच प्रतिपिंडांचा शोध घेते. गाजर गवताच्या परागानेही असा त्रास होतो. बंगळूरच्या संशोधकांनी तो १९८० च्या दशकात दाखवून दिला आणि पुढे रॅगवीड आणि गाजर गवत यांच्या परागांत प्रतिपिंडांच्या दृष्टीने साम्य आहे हेही दाखवले. त्यामुळे अमेरिकेत रॅगवीडने बेजार होणाऱ्या व्यक्तीने पावसाळ्यात इंदूरला येताना नाकाच्या औषधाची तजवीज ठेवलेली बरी.

पार्थेनिनची गोष्ट निराळी आहे. त्याचे रेणुवजन केवळ २६२ आहे, म्हणजे ते इतके लहान की शरीराची संरक्षण यंत्रणा त्याला एकटे ओळखूच शकत नाही. परंतु हे द्रव्य सेस्क्विटर्पीन लॅक्टोन या गटातले असून त्याच्या रचनेत एक अत्यंत क्रियाशील टोक असते. ते कातडीत मुरते आणि कातडीच्या स्वतःच्याच प्रथिनांना जाऊन चिकटते. मग आपलेच प्रथिन यंत्रणेला परके दिसू लागते आणि टी पेशी त्यावर चालून येतात. या हल्ल्याला एक-दोन दिवस लागतात, म्हणून अण्णांच्या पाठीवर खरा निकाल शुक्रवारी दिसला. यात आयजीईचा काहीच सहभाग नसल्यामुळे रक्ताची तपासणी निर्दोष येणे अगदी स्वाभाविक होते. तपासणी खोटी नव्हती, तिला विचारलेला प्रश्न चुकीचा होता. रॅगवीडच्या पानादांड्यांतही अँब्रोसिन आणि कोरोनोपिलिन अशी याच गटातली द्रव्ये असतात आणि कोरोनोपिलिन तर गाजर गवतातही आहे. दूरदेशी यांच्या माळीबुवांचे कोडे बहुधा इथेच सुटते. मात्र त्यांचीही पट्टी-चाचणी झाल्याशिवाय मी ठाम बोलणार नाही.

उन्हाच्या त्रासाशी गल्लत का होते, तेही सांगते. दोन्हींत चेहरा, मान आणि हात यांवरच इसब उठतो. परंतु ऊन वरच्या पापणीच्या घडीत, हनुवटीखाली आणि कानामागे पोचत नाही. हवेतून आलेला चुरा मात्र नेमका तिथेच, घडीत आणि घामात, साचून राहतो. मी रुग्णाला मान वर करायला सांगते आणि हनुवटीखालची सावलीची जागा पाहते. ती स्वच्छ असेल तर उन्हाचा विचार आधी, आणि तीही लाल असेल तर हवेतल्या वनस्पतीचा. दुर्दैवाने बरीच वर्षे दुखणे अंगावर काढले तर पुढे प्रकाशाचीही असहिष्णुता जडते आणि मग हा फरक पुसट होतो.

राऊकर शेतकरी
१८ ऑगस्ट

राऊजवळ आमची शेती आहे. सोयाबीनच्या बांधावर गाजर घास दरवर्षी उपटावी लागते. डॉक्टरबाईंना एक विचारायचे आहे. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बायका वर्षानुवर्षे उघड्या हातांनी ती उपटतात आणि बहुतेकींना काही होत नाही. मग एखाद्यालाच का होते? दुसरे म्हणजे, उपटलेला ढीग आम्ही पेटवून देतो, ते योग्य आहे का?

त्वचावैद्य, इंदूर
१९ ऑगस्ट

काहींनाच का होते, याचे पूर्ण उत्तर एका ओळीत देता येणार नाही. पण वारंवार आणि दीर्घकाळ संपर्क हे मोठे कारण आहे. आज काही होत नाही म्हणजे उद्या होणार नाही असे मानू नये, कारण दहा वर्षे सहन केलेले द्रव्य अकराव्या वर्षी अंगाला नकोसे होऊ शकते. आणि एकदा ही ओळख पटली की ती सहसा पुसली जात नाही. आपल्या देशातल्या नोंदींत प्रौढ पुरुष अधिक दिसतात. तरीही आपल्या शेतावरच्या त्या बायकांना पूर्ण बाह्यांचा सदरा आणि कोपरापर्यंतचे हातमोजे देणे ही मालकाची जबाबदारी आहे, असे मला मनापासून वाटते.

ढीग पेटवू नये. धुराबरोबर अर्धवट जळलेला चुरा उडतो आणि ज्याला आधीच हा आजार आहे, त्याला त्याची बाधा होऊ शकते.

पानफूल, इंदूर
१९ ऑगस्ट

राऊकर, ढीग पेटवण्याऐवजी झाड फुलावर येण्याआधी उपटून खड्ड्यात घालावे, त्याचे उत्तम खत होते. फुलावर आलेले झाड खतात घालू नये, कारण बी सगळीकडे जाईल. उगवल्यापासून चार ते सहा आठवड्यांत ते फुलते, म्हणजे पहिल्या मोठ्या पावसानंतरचा महिना हाच आपला काळ आहे. आपल्या काळ्या मातीत पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी सोटमूळ अख्खे निघते. तीच माती आठवडाभर तापली की दांडा हातात येतो आणि बुंधा पुन्हा फुटतो. यंत्राने छाटण्यात दुहेरी तोटा आहे. बुंधा शिल्लक राहतो आणि पानांचा चुरा छाटणाऱ्याच्या तोंडावर उडतो.

मेक्सिकोहून आणलेला झायगोग्रामा नावाचा भुंगेराही लक्षात असू द्या. तो १९८४ साली बंगळूरला सोडण्यात आला होता आणि जबलपूरच्या खरपतवार संशोधन संस्थेने त्याचा पुष्कळ प्रसार केला आहे. पांढुरक्या पाठीवर तपकिरी वळणदार रेघा असलेला हा लहान भुंगेरा आणि त्याच्या अळ्या पाने चाळणीसारखी करून टाकतात. मात्र तो पावसाळ्यातच जोरात असतो आणि थंडी-उन्हाळा मातीत निजून काढतो, तेव्हा सगळा भार त्याच्यावर टाकता येत नाही. रिकाम्या जागी उन्हाळ्याच्या अखेरीस टाकळ्याचे, म्हणजे इथल्या पुवाडियाचे, बी फेकले तर पावसाळ्यात तो दाट वाढून गाजर गवताला जागाच देत नाही. हा उपाय मी स्वतः दोन प्लॉटांवर केला आहे आणि दुसऱ्या वर्षापासून फरक स्पष्ट दिसला. याच संस्थेच्या वतीने दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा आठवडा गाजर गवताविषयी जागृतीसाठी पाळला जातो, म्हणजे हा धागा अगदी वेळेवर निघाला आहे.

बडोदेकर
२० ऑगस्ट

माझ्या आईला पट्टी-चाचणीत पार्थेनियमच आले आहे. आम्ही बडोद्यात चौथ्या मजल्यावर राहतो आणि आसपास कुठेही हे गवत नाही, तरी गणपती ते दिवाळी या काळात तिची बोटे आणि पापण्या फुटतात. ती देवासाठी रोज स्वतः हार करते. याचा संबंध असू शकतो का?

त्वचावैद्य, इंदूर
२० ऑगस्ट

दाट शक्यता आहे. हारात शेवंती असते का, ते आधी पाहा. शेवंतीही सूर्यफुलाच्याच कुळातली आहे आणि तिच्यातही सेस्क्विटर्पीन लॅक्टोन असतात, त्यामुळे पार्थेनियमची ॲलर्जी असलेल्यांना तिचा त्रास होणे चांगलेच परिचित आहे. शेवंती ओवलेल्या बोटांनी डोळा चोळला की पापणी सुजते. पूजा थांबवण्याची मुळीच गरज नाही. मोगरा, जास्वंद, गुलाब, तुळस ही त्या कुळातली नाहीत. आईंना हेही सांगा की अर्निकाचे मलम आणि कॅमोमाइलचा चहा किंवा क्रीम ही त्याच कुळातून येतात, तेव्हा खाज शमवण्यासाठी म्हणून ती वापरू नयेत. पुढच्या भेटीत शेवंतीचीही चाचणी करून घ्या, म्हणजे अंदाजावर राहायला नको.

लष्करकर, ग्वाल्हेर
२१ ऑगस्ट

आमच्या थोरल्या काकांना हाच आजार आहे आणि त्यांना ॲझाथायोप्रिन नावाची गोळी दिली आहे. गोळी जोरदार असल्याचे ऐकून घरचे घाबरले आहेत आणि बंद करा म्हणतात. आपले मत काय?

त्वचावैद्य, इंदूर
२१ ऑगस्ट

काकांना तपासल्याशिवाय गोळी चालू ठेवा किंवा थांबवा असे मी सांगणार नाही. या आजारात ॲझाथायोप्रिनचा वापर आपल्या देशात बराच झालेला आहे आणि दीर्घकाळ स्टेरॉइड घेण्यापेक्षा ती अनेकांना मानवते. तिचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. ती घेताना रक्तातील पेशी आणि यकृताची तपासणी ठरल्या दिवशी झालीच पाहिजे. तेवढी शिस्त असेल तर घाबरण्याचे कारण कमी होते. ताप आला, घसा दुखू लागला किंवा अंगावर काळेनिळे डाग दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. खरी काळजी मला दुकानातून स्वतःच्या मनाने आणलेल्या मिश्र मलमांची वाटते. त्यांतले तीव्र स्टेरॉइड चेहऱ्याची कातडी पातळ करते आणि पापणीवर दीर्घकाळ लावले तर डोळ्यावरचा दाबही वाढवू शकते.

माळवकन्या, राजेंद्र नगर, इंदूर
२४ ऑगस्ट

सर्वांचे मनापासून आभार. विशेषतः हनुवटीखालच्या सावलीच्या जागेची खूण वाचून मी अण्णांचे तीन वर्षांपूर्वीचे छायाचित्र काढून पाहिले. माझ्या भाचीच्या बारशातले ते छायाचित्र आहे, अण्णा मान वर करून पाळण्याच्या दोरीकडे पाहत आहेत, आणि हनुवटीखालचा लाल पट्टा त्यात स्वच्छ दिसतो. तेव्हा कुणालाच तो वाचता आला नाही.

अण्णांची आत्ताची स्थिती लिहिते. चेहऱ्याला आणि मानेला वेगवेगळी मलमे दिली आहेत, गोळी सुरू आहे आणि दर पंधरा दिवसांनी रक्त तपासतो. फिरण्याची वाट बदलली आहे. ते आता वसाहतीच्या आतल्या डांबरी रस्त्यावर चालतात, घरी आले की कपडे लगेच धुवायला टाकतात आणि तोंड, मान, हात साध्या पाण्याने धुतात. त्यांचे कपडे गच्चीवर वाळवणेही आम्ही बंद केले आहे, कारण गच्चीला लागूनच तो प्लॉट आहे. तीन आठवड्यांत झोप परतली आहे. मानेची कातडी अजून जाड आहे, पण उशीच्या अभ्र्यावर डाग नाहीत.

काल प्लॉटच्या मालकांची परवानगी घेऊन आम्ही पहिली उपटणी केली. वसाहतीने बोलावलेल्या चार मजूर बायका उघड्या हातांनी कामाला लागणार होत्या, त्यांना आधी थांबवले आणि हातमोजे व तोंडाला बांधायला सुती फडकी दिली. त्यांतल्या एकीने आपले मनगट पुढे करून विचारले की हे त्याचेच आहे का. तिच्या मनगटावर अण्णांच्या मानेसारखीच जाड, काळपट कातडी होती. त्वचावैद्य डॉक्टरबाईंना मी निरोप पाठवला, त्यांनी तिला मंगळवारी बोलावले आहे आणि मी सोबत जाणार आहे.

निम्मा प्लॉट मोकळा झाला आहे. मातीत जुने बी भरपूर आहे, तेव्हा पुढच्या पावसानंतर रोपे पुन्हा वर येतील. दुसरी उपटणी १५ सप्टेंबरच्या आत करायची आहे, म्हणजे ती फुलावर यायच्या आत होईल. राजेंद्र नगरातील ज्यांना यायचे असेल त्यांनी इथे कळवावे. ज्यांना स्वतःला इसब, दमा किंवा शिंकांचा त्रास आहे, त्यांनी कृपया येऊ नये. कोपरापर्यंतच्या हातमोज्यांचे अकरा जोड माझ्याकडे आहेत. पानफूल सरांनी टाकळ्याचे बी देण्याचे कबूल केले आहे, ते मी वैशाखापर्यंत कोरड्या डब्यात ठेवीन.